चार वाजताचा फोन

१

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सर दात घासायला जात. सातला गेले तर बेसिनपाशी मुलांची रांग, सव्वासातला गेले तर गरम पाणी संपलेले. पहिल्याच आठवड्यात निरीक्षण करून त्यांनी ही मधली फट शोधून काढली होती, आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही होता. साडेसातला खाली भोजनगृहात ब्रेड, उकडलेले अंडे आणि कागदी कपातली कॉफी. नऊ ते एक वर्ग. तीन ते साडेचार त्यांच्या तुकडीचा श्रवणकक्ष, म्हणजे कानांवर हेडफोन चढवायचे, ध्वनिमुद्रित वाक्ये ऐकायची आणि पाठोपाठ म्हणायची. मग गृहपाठ. तर्कशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले सर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा गृहपाठ करू लागले होते.

उन्हाळी अभ्यासक्रम सात आठवड्यांचा होता. ज्या ग्रंथावर सरांनी चाळीस वर्षे वर्ग घेतले तो त्यांनी कधी मुळातून वाचला नव्हता, भाषांतरावरच भागवले होते. ही गोष्ट त्यांना विद्यार्थ्यांसमोर नेहमी चोरी केल्यासारखी वाटे. म्हणून ज्येष्ठांसाठीची शिष्यवृत्ती मिळताच ते ती भाषा शिकायला तिच्या देशात निघाले. वर्गात बाकीचे सगळे विशी-पंचविशीतले.

पहिल्या दिवशी संचालिकाबाईंनी प्रत्येकापुढे एक कागद ठेवला. सात आठवडे स्वतःची भाषा बोलणार नाही, वाचणार नाही, लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा होती. "तुमची भाषा ओल्या छत्रीसारखी दाराबाहेर ठेवा," बाई म्हणाल्या. "जाताना उचलून न्या. कोणी पळवणार नाही." मुले हसली, सह्या केल्या, आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात आपापल्या भाषांत गप्पा ठोकू लागली. संचालिकाबाईंनाही ते ठाऊक असणार. हा कागद अक्षरशः पाळणारा माणूस एकच निघाला, आणि तो म्हणजे सर. जिने चढताना पायऱ्यासुद्धा ते नव्या भाषेत मोजत. स्वतःशी पुटपुटायचे झाले तरी आधी शब्दकोश उघडत.

बायकोला त्यांनी हे निघण्याआधीच सांगून ठेवले होते. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षे ऑपरेटर होती, बोलणे हाच तिचा धंदा.

"म्हणजे सात आठवडे फोन नाही?" तिने विचारले होते.

"नाही. रोज एक फोटो पाठवेन. तूही पाठव. खाली शब्द मात्र नकोत."

"आणि मला काही झालं तर?"

"तर अर्थातच फोन कर. तो अपवाद आहे."

ती त्यांचे मोजे घडी करून बॅगेत ठेवत होती. "जा हो खुशाल," ती म्हणाली. "मला काय फरक पडणार? एरवी तरी घरात कुठे बोलता? खांबाशी संसार केला असता तर निदान टेकायला तरी आला असता."

सर हसले होते. तिचे टोमणे त्यांना आवडत. फक्त त्यावर काय बोलावे ते कधी सुचत नसे.

२

पलीकडच्या खोलीत त्यांच्याच भाषेची एक मुलगी होती. तिला परदेशात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागायची होती आणि त्यासाठी भाषेची परीक्षा द्यायची होती. सगळे तिला फिजिओच म्हणत. सरांना 'सर' हे नावही तिनेच वर्गात चिकटवले होते, स्वतः मात्र ती त्यांना काका म्हणे. प्रतिज्ञा तिने कधीच गुंडाळून ठेवली होती.

"काका, मान अशी वाकडी करून बसू नका, वर्षभरात पट्टा लागेल," ती भोजनगृहात आपल्या भाषेत ओरडे. सर नव्या भाषेत, एकेक शब्द जुळवत उत्तर देत. "आभार. मी. सरळ. बसतो." ती कपाळावर हात मारून घेई.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी ती टोस्टरपाशी उभी होती. म्हणाली, "काका, तुम्ही पक्के लबाड आहात हं."

सरांनी भुवया उंचावल्या.

"आमच्यापुढे मौनीबाबा, आणि दुपारी इस्त्रीच्या खोलीत काकूंशी काय गुलुगुलु बोलता! मी कपडे घेऊन दोनदा दारातून परत गेले. म्हटलं, चालू द्या."

सरांना शब्द जुळवायला वेळ लागला. "मी. फोन. करत नाही."

"बरं बाई, नाही करत." तिने डोळे मिचकावले. "पण किती छान बोलता हो! माझ्या बाबांनी आईशी असं कधी बोललेलं मी ऐकलेलं नाही."

ती आपला टोस्ट घेऊन गेली. आपल्या भाषेचा आणखी कोणी माणूस वरच्या मजल्यावर राहत असेल, सरांनी निष्कर्ष काढला. एका निरीक्षणातून एवढाच निष्कर्ष निघतो. त्याहून जास्त काढणे शास्त्राला धरून नव्हते. त्यांनी तसे केले नाही आणि वर्गात जाऊन बसले. पण त्या दिवशी मास्तरीणबाईंनी विचारलेल्या साध्या प्रश्नालाही त्यांना उत्तर आले नाही. ते फळ्याकडे बघत इस्त्रीची खोली नेमकी कुठे आहे ते आठवत होते.

३

फोटो ठरल्याप्रमाणे येत होते. सरांनी खिडकी पाठवली की बायको कुंडी पाठवी. सरांनी जेवणाचे ताट पाठवले की ती मांजराचे रिकामे ताट पाठवी. हा तिचा टोमणाच होता. शब्द नसतानाही तिला टोमणा मारता येई.

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला आलेल्या फोटोत ती स्वतः होती.

तिने केस कापले होते. लग्न झाल्यापासून पाठीवर असलेली वेणी गेली होती आणि केस कानाच्या पाळीपर्यंत आले होते. ती जेवणाच्या टेबलाशी बसून समोर बघत हसत होती. फोटोसाठी हसतात तसे ते हसणे नव्हते. कोणीतरी काहीतरी बोलले आहे, आणि त्याला आता काय उत्तर द्यावे याच्या तयारीत ती आहे, असे ते हसणे होते.

सरांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. टेबलावर दोन कप. फोटो समोरच्या खुर्चीच्या उंचीवरून काढलेला.

घरी, त्यांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. बायको जाऊन त्यांना सहा वर्षे झाली होती. बोलण्यात चतुर, जिन्यात भेटले तरी एखादा विनोद हातावर ठेवून जाणारे. सरांची बायको त्यांच्या विनोदांना हसे आणि घरात आल्यावर सरांना सांगे, "बघा, असं बोलायचं असतं." सरांनी कधी मनावर घेतले नव्हते. आता मात्र मन एकेक पुरावा आणून पुढे मांडू लागले. केस कापायचे तिच्या मनात पूर्वीपासून होते का? असेल. मग आताच का कापले? आरशात बघून एकट्याने कोणी असा निर्णय घेत नाही. कोणीतरी 'तुला शोभेल' म्हणावे लागते. दोन कप आहेत. एक कप तिचाच आधीचा असू शकतो. पण ती एकदा प्यायलेला कप लगेच विसळते. चाळीस वर्षांचे निरीक्षण होते ते.

त्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला नाही.

तिनेही तो का आला नाही हे विचारले नाही. तेच त्यांना जास्त लागले.

४

गुरुवारी श्रवणकक्षात पहिल्या अर्ध्या तासानंतर सरांच्या हेडफोनची एक बाजू बंद पडली. मास्तरीणबाई म्हणाल्या, आज तुम्ही लवकर जा. पावणेचारला ते वसतिगृहात परतले. ऊन लांबट झाले होते. दुसऱ्या तुकडीतली मुले मैदानावर गेलेली. तिसऱ्या मजल्यावरचा लांब व्हरांडा रिकामा होता, आणि फरशीवर खिडक्यांचे चौकोन पडले होते. सर किल्ली काढत होते तेव्हा त्यांना हसणे ऐकू आले.

व्हरांड्याच्या टोकाला ती खोली होती. आत एक इस्त्रीचे टेबल, एक खिडकी, आणि भिंतीवर कोणे एके काळचा फोन. हल्ली तो कोणी वापरत नसे. दार बंद होते. आत कोणीतरी बोलत होते, आणि ते सरांच्या भाषेत बोलत होते.

पाच आठवडे होत आले होते, सरांनी मुद्दाम ती भाषा कानांआड केली होती. त्यामुळे पहिल्यांदा त्यांना अर्थ लागलाच नाही, नुसती लय कळली. तहानेल्या माणसाला दुसऱ्याच्या घशाचा आवाज ऐकू यावा तसे वाटले. मग शब्द वेगळे होऊ लागले.

"...तुझी दुपारची पाळी असायची ना, तेव्हा. कॉलेजच्या ऑफिसातून एक्स्चेंजला फोन लावायचो. तू म्हणायचीस, 'नंबर प्लीज'. आणि मी ठेवून द्यायचो."

फोनच्या पलीकडून बारीक किंकाळी आली, आणि मग हसणे. इतक्या लांबूनही ते हसणे ओळखू येत होते.

"ते तुम्ही होतात? अहो, मी सुपरवायझरकडे तक्रार केली होती! कोणी चावट माणूस रोज तीनच्या सुमाराला त्रास देतो म्हणून!"

"मग? रोज नंबर कुठून आणणार? मला कोणाशी बोलायचंच नव्हतं. तेवढे दोन शब्द ऐकले की दिवस जायचा."

सरांनी भिंतीला हात लावला. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. पुढे मुलगा झाला, बदल्या झाल्या, आणि ती गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच. कधीतरी चांगला मुहूर्त बघून सांगू, असे म्हणत ती त्यांनी चाळीस वर्षे जपून ठेवली होती.

त्यांनी दार ढकलले.

खोलीत कोणी नव्हते. खिडकी बंद, टेबल उघडे, इस्त्री थंड. फोनचा रिसीव्हर जागेवर होता. सरांनी तो उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हते, घरघरसुद्धा नाही. तारेचे टोक भिंतीतून निघून मोकळेच लोंबत होते, आणि त्यावर रंगाचे जुने थेंब वाळले होते.

रिसीव्हर मात्र कोमट होता. बराच वेळ कोणीतरी कानाशी धरून ठेवावा तसा.

५

शुक्रवारी मास्तरीणबाईंनी प्रत्येकाला त्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले, स्वतःच्या चुका स्वतः ओळखाव्यात म्हणून. सरांनी आयुष्यात स्वतःचा आवाज बाहेरून फारसा ऐकला नव्हता. हेडफोनमध्ये एक म्हातारा अडखळत वाक्ये म्हणत होता. चुका ओळखायच्या राहिल्या. सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. हाच आवाज त्यांनी काल बंद दाराआडून ऐकला होता. तिथे तो अडखळत नव्हता, एवढाच काय तो फरक.

मधल्या सुट्टीत त्यांनी वहीत दोन शक्यता लिहिल्या. एक, आपण फोन करतो आणि विसरतो. वय झाले आहे, असे होऊ शकते. पण चार वाजता आपण श्रवणकक्षात असतो, तिथे हजेरीची सही आहे आणि साडेचारपर्यंतचे मुद्रणही आहे. दोन. दुसऱ्या आकड्यापुढे त्यांनी बराच वेळ काहीच लिहिले नाही. मग पान फाडून खिशात घातले.

पाच वाजता खोलीचे दार लावून, सात आठवड्यांची प्रतिज्ञा पाचव्या आठवड्यात मोडून, त्यांनी आपल्या मोबाइलवरून घरी फोन लावला.

"हॅलो, कोण?"

"मी."

"अहो? आत्ताच तर ठेवलात! काय विसरलात?"

वाक्य सरांच्या मनात होते, पण तोंडाशी येईपर्यंत त्याचे तुकडे होत होते. "मी तुला फोन करत नाही. पाच आठवडे. मी केला नाही."

"काय?"

"केस. केस तू का कापलेस?"

"तुम्हीच म्हणालात, काप, शोभतील. पुन्हा पुन्हा तेच काय विचारता?"

"आणि फोटो कोणी काढला? डॉक्टर येतात का खाली?"

"कोण डॉक्टर? ते महिनाभर मुलीकडे गेलेत. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून टायमर लावायला तुम्हीच शिकवलंत की मागच्या आठवड्यात. दुसरा कपही तुमच्याच नावाचा, समोर ठेव, बरं वाटेल, म्हणालात." ती थांबली. "अहो, बरं आहे ना? असे काय बोलताय?"

"तो जो बोलतो, तो मी नाही."

मग तिचा आवाज बदलला. एक्स्चेंजमधला, ड्यूटीवरचा आवाज.

"बरं. मग काल तुम्ही मला काय सांगितलंत ते सांगा."

"काल मी काही सांगितलं नाही. पण मला माहीत आहे. नंबर प्लीज."

"दाराला कान लावून ऐकलंत वाटतं?"

सरांनी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघा," ती म्हणाली, "कोण आहात ते मला ठाऊक नाही. आवाज हुबेहूब काढलाय, कबूल. पण तीस वर्षं मी कानाला हेडफोन लावून बसले आहे. माझा नवरा असा वाचून दाखवल्यासारखा बोलत नाही."

"मी नेहमी असाच बोलतो," सर म्हणाले. आणि हे अगदी खरे होते.

"बोलायचा," ती म्हणाली. "पूर्वी बोलायचा." आणि तिने फोन ठेवून दिला. नंतर सरांनी सात वेळा लावला. तिने उचलला नाही.

६

संचालिकाबाईंच्या टेबलासमोर बसून सरांनी तक्रार करण्याचा प्रयत्न केला. नव्या भाषेत त्यांना 'कोणीतरी माझ्या बायकोशी बोलते' एवढेच नीट सांगता आले. बाईंच्या चेहऱ्यावर कणव आली. घरची आठवण येणे साहजिक आहे, असे त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरचा फोन कधीच तोडला आहे असेही. मग त्यांनी सरांना पाणी दिले.

लवकर निघून घरी जावे, हा विचार त्यांनी केला. पण जाऊन काय करायचे? दारात उभे राहून, वाचून दाखवल्यासारखे, काय सांगायचे?

पुढच्या सोमवारपासून ते श्रवणकक्षात गेले नाहीत. चारला दहा मिनिटे असताना ते व्हरांड्याच्या टोकाला, पाणी पिण्याच्या नळाशी येऊन उभे राहत. दोनदा दार उघडून पाहिले, दोन्ही वेळा खोली रिकामी, आणि त्या दिवशीचा फोनही बुडाला. दुसऱ्या दिवशी आतून तिचा स्वर ऐकू आला, "काल का नाही केलात? मी रात्री उशिरापर्यंत बसून होते," आणि तो इतका दुखावलेला होता की त्यानंतर सरांनी कडीला हात लावला नाही.

ते ऐकत राहिले. त्यांचा जळफळाट होत होता, तरी ऐकत राहिले. आतला माणूस तिला विचारी, आज गुडघा कसा आहे, मांजर जेवले का, त्या भाजीवालीशी समेट झाला की नाही. साधे प्रश्न. सरांना हे प्रश्न ठाऊक होते, फक्त ते विचारायचे असतात हे ठाऊक नव्हते. ती बोलत सुटे. आपल्या बायकोला लहानपणी पोहायला शिकायचे होते, हे सरांना त्या नळाशी उभे राहून समजले. मुलाच्या लग्नात ती न्हाणीघरात जाऊन रडली होती, हेही. एवढे तिने कधी सांगितले नव्हते. की आपण कधी मान वर केली नव्हती? प्रत्येक गोष्ट कळल्याचा आनंद व्हायच्या आत ती दुसऱ्याला सांगितली गेली आहे याची कळ त्यांच्या छातीत उठे.

फिजिओने एकदा त्यांना तिथे पाहिले. ती धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आली होती. दाराकडे बघितले, सरांकडे बघितले. आत आवाज चालू होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही इथे आहात, मग आत..."

सरांनी ओठांवर बोट ठेवले. ती टोपली तिथेच टाकून जिन्याकडे गेली. त्यानंतर ती त्यांच्या टेबलाशी जेवायला बसली नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी बायको म्हणाली, "आठ दिवस राहिले. परत आल्यावर असेच बोलाल ना? की पुन्हा घुम्यासारखे बसाल?"

"असाच बोलेन."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

व्हरांड्यातल्या फरशीवर उन्हाचा चौकोन सरांच्या बुटापर्यंत आला होता. घरी कोण जाणार आहे, हा प्रश्न आतापर्यंत त्यांनी वहीतसुद्धा लिहिला नव्हता.

७

निघायच्या आदल्या दुपारी बहुतेक मुले बॅगा बांधत होती. सर नळाशी आले तेव्हा इस्त्रीच्या खोलीचे दार पूर्ण लागलेले नव्हते. बोटभर फट होती.

फटीतून खिडकीचा उजेड दिसत होता, आणि उजेडात पाठमोरी एक मान. पांढरे केस मानेवर नीट कापलेले, शर्टाची कॉलर एका बाजूने आत मुडपलेली. सर तिच्याकडे बघत राहिले. ती मान आपली आहे का, हे त्यांना सांगता येईना. स्वतःची मान माणसाने कधी पाहिलेली असते? ती मान ओळखू शकेल असे जगात एकच माणूस होते, आणि ते फोनच्या दुसऱ्या टोकाला बोलत होते.

"उद्या निघाल ना? मग आज एक विचारून घेते," ती म्हणत होती. "रागावू नका. समोर आलात की मला विचारवणार नाही."

"विचार की."

"माझं ऑपरेशन झालं तेव्हा. ती गाठ काढली तेव्हा. मला आत नेलं, आणि तुम्ही बाहेर बाकावर पेपर तपासत बसलात. माझ्या बहिणीने सांगितलं मला नंतर. तीन तास, मांडीवर गठ्ठा आणि हातात लाल पेन. अकरा वर्षं झाली. मी कधी बोलले नाही. पण एवढंच सांगा, मी आत मरत असताना तुम्हाला पेपर कसे हो दिसत होते?"

आतला आवाज गप्प झाला.

सर वाट बघत होते. मान हलली नाही. फोनमधून खरखरही येत नव्हती.

"अहो? आहात का?"

त्याला हे माहीत नाही, सरांच्या मनात आले. आणि त्यांना इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा, शरम वाटावी इतका आनंद झाला. बाकी सगळे त्याने नेले होते. हे एवढे त्यांच्यापाशी उरले होते. किंवा त्याला माहीत होते आणि तो थांबला होता. याही शक्यतेचा विचार करायला हवा होता, पण तेवढा वेळ नव्हता. ती फोन ठेवील, आणि तिचा हा प्रश्न तसाच राहील, आणखी अकरा वर्षे.

"मी पेपर तपासत नव्हतो," सर म्हणाले. फटीत तोंड घालून, आपल्या भाषेत, मोठ्याने.

"मी पेपर तपासत नव्हतो गं," आतला आवाज म्हणाला.

"मग काय करत होतात?"

"पहिल्याच पेपरावर पेन टेकवलं होतं. ते उचललंच नाही. शाई चार पानं पार झिरपली. त्या मुलाला मी पुन्हा पेपर लिहायला लावला, आणि कारण सांगितलं नाही."

आतल्या आवाजाने ते सांगितले. शब्द तेच होते, पण त्याने मधे श्वास घेतला, आणि शाईपाशी त्याचा आवाज किंचित हलला. सरांचा कधी हलला नसता.

"आत जाताना तू नर्सचा हात धरलास," सर म्हणाले. "मी शेजारी चालत होतो. माझा हात मोकळा होता. तू तिचा धरलास. तीन तास मी त्या बाईचा मत्सर करत बसलो होतो. तू जगशील की नाही हेसुद्धा मला नीट सुचत नव्हतं. आपल्या बायकोने शेवटचा हात धरला तो दुसऱ्याचा, एवढंच डोक्यात होतं."

आवाजाने तेही सांगितले, शेवटपर्यंत, घाई न करता.

पलीकडे ती रडत होती, आणि मधेच हसतही होती. "वेडे आहात," ती म्हणाली. "अहो, तुमचे दोन्ही हात खिशात होते. मी बघितलं होतं. म्हणून तिचा धरला." नाक ओढल्याचा आवाज आला. "मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत? शुद्धीवर आल्यावर मी तुमच्याकडेच बघत होते."

याचे उत्तर सरांना ठाऊक होते. त्यांनी ते सांगायला तोंड उघडले.

"लाज वाटली," असे ऐकू आले. "आणि मग रोजच वाटत राहिली. तू समोर आलीस की शब्द जायचे. आता नाही जाणार. उद्या येतोय. दार उघडं ठेव गं."

आवाज आतून येत होता. सरांचे ओठ त्याच्या मागून, एका शब्दाच्या अंतराने, तेच शब्द म्हणत होते. हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि लक्षात आल्यावरही ओठ थांबले नाहीत. ते शेवटपर्यंत गेले. आयुष्यात कधी न म्हटलेला तो 'गं'सुद्धा सरांनी म्हटला, पण तोवर तिने फोन ठेवला होता.